पावती माझ्या नावाची होती

“सिस्टर, आधी आज्ञापालन शिका.”

आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी दफनभूमीच्या फाटकात, चार माणसांसमोर मला हे ऐकवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी जेवताना मध्येच ते वाक्य आठवलं की घास खाली उतरत नाही. मी रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटेल, तर राग आहेच, तो लपवत नाही. मिरजेला वानलेस हॉस्पिटलात मी नर्सिंग शिकले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्या हॉस्पिटलात आमच्या वेळीही सकाळची प्रार्थना चुकवून वॉर्डात पाय ठेवता येत नसे. डॉक्टरांची ऑर्डर, मेट्रनचा शब्द आणि देवाचं वचन हे तिन्ही ऐकायचं, पाळायचं आणि मगच बोलायचं, अशा शिस्तीत मी वाढले. नंतर नोकरीची सगळी वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या छोट्या दवाखान्यात काढली. नवरा शिक्षक होता, तो लवकर गेला. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. मंडळी जुनी, दगडी चर्च, ओढ्यापलीकडे दफनभूमी. एवढी पार्श्वभूमी पुरे.

सांगायचं आहे ते मावशीबद्दल.

मावशी आमच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींचे कपडे, बेडपॅन, लेबररूमच्या फरशीवरचं रक्त, हे सगळं तिच्या हातून जायचं. मी पुष्कळ बाळंतपणं केली म्हणून गावात मला मान मिळाला. त्यातल्या प्रत्येक बाळंतपणानंतर फरशी पुसली ती तिने, तिला कुणी विचारलं नाही. आमच्याच चर्चमध्ये तान्ही असताना तिचा बाप्तिस्मा झाला होता. लग्न झालं, नवरा टाकून गेला. पुढे स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीसोबत ती राहायला लागली. तो हिंदू, त्याची पहिली बायको गावाकडे हयात, त्यामुळे लग्न लागणं शक्य नव्हतं. मंडळीने तिला शिस्तीखाली घेतलं, म्हणजे प्रभुभोजन बंद. मग ती उपासनेला यायचीच थांबली, वर्गणीही थांबली. एसटी स्टँडमागच्या एका खोलीत दोघं राहायची. त्या खोलीत तिने भिंतीवर येशूचं कॅलेंडर लावलेलं होतं आणि त्याखाली त्याच्या विठोबाची तसबीर. दोघं सकाळी एकाच उदबत्तीवर भागवायची.

शेवटचं वर्ष तिचं फार वाईट गेलं. साखर वाढलेली, पायाला जखम, ती चिघळलेली. मी ड्रेसिंगला जायचे. मिस्त्री पातेल्यात पाणी उकळून, कापसाचे बोळे करून तयार ठेवायचा. तिचा पाय तो मांडीवर घ्यायचा आणि मी पू काढत असताना तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. माझ्या नोकरीत मी किती नातेवाईक पाहिले! अशा वासाच्या जखमेपाशी दहा मिनिटं थांबणारा सख्खा मुलगा विरळा. एकदा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “सिस्टर, मला आपल्यात माती द्या.” मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही.

ती गेली मे महिन्यात, पहाटे. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला होता तो आज्ञापालनावर. पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय. शौल राजाने देवाच्या आज्ञेविरुद्ध लुटीतली चांगली मेंढरं वाचवली, यज्ञाला म्हणून वाचवली, आणि शमुवेलाने त्याला सुनावलं की देवाला यज्ञापेक्षा आज्ञापालन हवं आहे. (त्याच अध्यायात अमालेक्यांची तान्ही मुलंसुद्धा मारून टाकायला सांगितलं आहे. त्यावर कुठलाच उपदेशक बोलत नाही, आणि मला तो अध्याय कधी पचलेला नाही.) शौलावरून साहेब इब्रीकरांच्या पत्रावर आले, तुमच्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा या सांगण्यावर आले, आणि तिथून पंचमंडळाच्या अधिकारावर. मी वहीत टिपणं घेतली होती. ती वही अजून आहे.

मिस्त्री सकाळी माझ्या दारात आला. रडत नव्हता. म्हणाला, “बाई, ती गेली. तुमच्यात कसं करतात मला माहीत नाही.” मी जाऊन तिला नीट केलं, जबडा बांधला, पाय सरळ केले, नवं पातळ नेसवलं. शेजारच्या पोरांनी कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फाच्या लाद्या आणल्या, गोणपाटात भुसा घालून तिच्या दोन्ही अंगांना लावल्या. पत्र्याची खोली, मेचं ऊन. दुपारपर्यंत माती व्हायलाच हवी, हे कुणालाही कळलं असतं.

मग आम्ही दोघं चर्चच्या ऑफिसात गेलो. इथून पुढचे दोन तास मी मिनिटामिनिटाने सांगू शकेन.

सेक्रेटरी व्हरांड्यात बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, “देवाची इच्छा” म्हणाले, आणि कपाटातून सभासदांची नोंदवही काढली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबडी. त्यांनी बोट ठेवलं. मावशीचं नाव होतं, त्यावर आडवी रेघ होती, बाजूला पेन्सिलीने ‘शिस्तीखाली’ असं लिहिलेलं. मग त्यांचं बोट वर्गणीच्या रकान्यांवरून सरकत गेलं, पान उलटलं, पुन्हा सरकलं. रिकामे रकाने. त्यांनी कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला: १७ वर्षांची थकलेली वर्गणी, वर्षाला ३०० प्रमाणे ५,१०० रुपये. नाव कमी झालेलं असल्याने बिगर-सभासद म्हणून जागेची फी ५,००० रुपये. आणि नातेवाइकांकडून लेखी माफीपत्र.

मिस्त्रीने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दहाच्या, पन्नासच्या, शंभराच्या नोटा. त्या नोटांना रॉकेलचा वास होता. साडेतीन हजारांच्या आसपास भरले. तो म्हणाला, “बाकीचे महिन्याभरात आणून देतो साहेब, लिहून देतो.”

सेक्रेटरी म्हणाले, “प्रश्न पैशाचा नाही.”

पाकिटामागे पैशांची बेरीज होती, शाईसुद्धा वाळली नव्हती, आणि प्रश्न पैशाचा नव्हता! मी म्हटलं, “सगळे पैसे मी भरते, आत्ता भरते, पावती करा.” तेव्हाही ते म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. नाव पुन्हा घ्यायचं तर कमिटीचा ठराव लागेल. कमिटी बसते महिन्याच्या पहिल्या शनिवारी. आज तातडीची बैठक बोलवा म्हटलं, तर खजिनदार लग्नाला बाहेरगावी गेलेले. फोनवर विचारा म्हटलं, तर फोनवरचा ठराव घटनेत बसत नाही. माफीपत्र कुणी लिहायचं ते विचारलं. तिला मूलबाळ नाही, भाऊ वारलेला. मिस्त्री म्हणाला, “मी लिहून देतो.” सेक्रेटरींनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, “यांचा काय संबंध?”

त्याचा काय संबंध! जो तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता, त्याचा!

मी पाळकसाहेबांकडे गेले. बंगला आवारातच आहे. साहेबांना खरंच वाईट वाटलं, मी ते नाकारणार नाही. त्यांचे डोळे भरून आले. पण कमिटीच्या परवानगीशिवाय मला अंत्यविधी चालवता येत नाही, म्हणाले. मागच्या गावी अशाच एका प्रकरणात त्यांची बदली झाली होती, मुलगी बारावीला होती. मी त्यांना प्रार्थना करायला सांगितली नाही. त्यांनीच केली. याकोबाच्या पत्रात एक उघडा, उपाशी माणूस आहे. त्याला कुणी वस्त्र देत नाही, भाकर देत नाही, फक्त सुखाने जा, ऊब घे, पोट भर म्हणून सांगतात. ती प्रार्थना चालली असताना मला तो माणूस आठवत होता.

परत व्हरांड्यात आले तेव्हा सेक्रेटरींना बहुधा वाटलं की मी आता ऐकेन. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “सिस्टर, प्रभूनेच सांगितलंय ना, मेलेल्यांना आपले मेलेले पुरू द्या?” लूकच्या नवव्या अध्यायातलं आहे ते, खरं आहे. पण प्रभू ते बोलला एका माणसाला, जो मागे यायचं टाळायला सबब शोधत होता. इथे सबब शोधत कोण होतं?

त्याच क्षणी माझ्या डोक्यात अरिमथाईचा योसेफ आला. दर गुड फ्रायडेला आपण त्याच्याविषयी ऐकतो आणि पुढे जातो. तो कोण होता? न्यायसभेचा सभासद, म्हणजे कमिटीचाच माणूस. मार्क सांगतो की तो धैर्य करून पिलाताकडे गेला आणि त्याने येशूचं शरीर मागितलं. देहदंड झालेल्याचं शरीर मागणं म्हणजे त्या शहरात स्वतःवर बोट दाखवून घेणं. त्याने सभेचा ठराव मागितला नाही. आणि मत्तय सांगतो की त्याने ते शरीर स्वतःसाठी खोदवलेल्या नव्या कबरेत ठेवलं.

स्वतःसाठी खोदवलेल्या.

मी घरी गेले. नवरा वारला तेव्हा त्याच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवली होती. पैसे रीतसर भरले होते. पावती पत्र्याच्या पेटीत, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसोबत होती. चर्चचा गोल शिक्का, तेव्हाच्या खजिनदारांची सही, आणि ‘राखीव’ असा शब्द. ती घेऊन मी व्हरांड्यात परत आले आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, “ही जागा माझी आहे. वर्गणी चालू वर्षापर्यंत भरलेली आहे. या जागेत मावशीला माती द्यायची आहे.”

त्यांनी पावती हातात घेतली, उलटून मागे बघितलं, पुन्हा सुलटी केली. म्हणाले, “ही तुमच्यासाठी राखीव आहे. दुसऱ्याला देता येत नाही.”

“कुठल्या नियमात लिहिलंय?”

“लिहायला कशाला लागतं?”

“मग मीही विचारायला लागत नाही,” मी म्हणाले आणि पावती उचलली.

दफनभूमीच्या फाटकाची किल्ली राखणदाराकडे असते. त्याला मी सगळं खरं सांगितलं, कमिटीचा नकार आहे हेही सांगितलं. न सांगता किल्ली घेतली असती तर त्याची नोकरी मी चोरून धोक्यात घातली असती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माझी तिन्ही पोरं तुमच्या हातची. आणि मावशीनं धुतल्यात माझ्या बायकोच्या चादरी.” आणि कुलूप काढायला निघाला.

आमच्याकडे वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम. मे महिन्यात त्या मुरमावर टिकाव मारला की ठिणगी उडते. खड्डा पुरेसा खोल न्यायचा म्हणजे चार धट्ट्या माणसांना घाम फुटतो. राखणदार, मिस्त्री, दवाखान्याच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि तरुण संघातली दोन पोरं खोदत होती. त्यातला एक पोरगा सेक्रेटरींचा सख्खा पुतण्या. मिस्त्रीचं वय सत्तरीच्या पुढे. त्याला बाजूला बसा म्हटलं तर ऐकेना. पहारीने मुरूम सैल करायचा, खाली वाकून घमेलं भरायचं, वर द्यायचं. हाताला फोड आले, फुटले, पहारीला रक्त लागलं. मी नर्स आहे, मी पट्टी बांधायला गेले, तर म्हणाला, “झाल्यावर बांधा.” येशूने सांगितलेला दोन मुलांचा दृष्टान्त सगळ्यांना ठाऊक आहे. बापाने द्राक्षमळ्यात जायला सांगितलं, एक हो म्हणाला आणि गेला नाही, दुसरा नाही म्हणाला आणि गेला. त्या खड्ड्यात उतरलेल्या त्या म्हाताऱ्याने आयुष्यात कधी येशूला हो म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे दर रविवारी म्हणत होतो.

पेटी बाजारपेठेतल्या सुताराने प्लायवूडची ठोकून दिली, मजुरी घेतली नाही. पाळकसाहेबांच्या बाई थर्मासभर चहा घेऊन आल्या, डोक्यावर पदर, कुणाशी बोलल्या नाहीत. सगळ्यांना चहा दिला आणि पेटी उतरेपर्यंत थांबल्या.

ते वाक्य आलं ते याच वेळी. सेक्रेटरी फाटकात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. आवाज चढवला नाही. “सिस्टर, आधी आज्ञापालन शिका,” एवढं म्हणून ते निघून गेले. मी हातात बायबल घेऊन उभी होते. नव्वदावं स्तोत्र वाचलं, योहानाचा अकरावा अध्याय वाचला, लाजाराचा. पाळक नसताना बाईमाणसाने कबरेवर वाचलेलं आमच्या गावात आधी कुणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने विचारलं, “मी टाकली तर चालेल का माती?” पहिली मूठ त्याचीच पडली.

पुढचं थोडक्यात सांगते. टाईप केलेली नोटीस आली: मंडळीच्या अधिकाऱ्यांची अवज्ञा, दफनभूमीचा नियमबाह्य वापर. कमिटीपुढे बोलावलं. तिथे सुरुवातीला एका पंचांनी वचन वाचलं, आणि तो तोच अध्याय होता, शौल आणि शमुवेल. म्हणजे मावशीला माती देणं हा माझा यज्ञ, माझं मिरवणं, आणि कमिटीचं ऐकणं हे आज्ञापालन! मी विचारलं, “प्रभूची कुठली आज्ञा मी मोडली ते दाखवा.” कुणी दाखवली नाही. महिला मंडळाचं माझं चिटणीसपद काढलं, माफीपत्र देईपर्यंत प्रभुभोजन बंद. मी माफीपत्र दिलं नाही. पुढे पाळकांची बदली झाली, नवे आले, त्यांनी पहिल्याच महिन्यात मला प्रभुभोजन दिलं. कुणी हरकत घेतली नाही, कुणी ठरावही केला नाही. ज्या घटनेत फोनवरचा ठराव बसत नव्हता, त्याच घटनेत ठरावाशिवाय हे कसं बसलं, मला कुणीतरी सांगावं.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंविषयी पुन्हा वाचलं. आपल्या मंडळ्यांमध्ये रमाबाईंचा फोटो असतो, केडगावच्या मुक्ती मिशनला भेट ठरलेली असते, बायबलच्या त्यांच्या भाषांतराचा अभिमान असतो. पण १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईने त्यानंतर लगेच तिथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांशी किती पत्रापत्री केली, किती वाद घातला, हे आपण मुलींना सांगत नाही. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवावं की नाही यावर भारतातल्या बिशपांचं मत घेतलं गेलं. त्याच काळात तिने ठणकावून कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून आलेली मी दुसरं मानेवर घेणार नाही. देवाचं ऐकण्यात ती कुणालाच मध्ये येऊ देत नव्हती. आणि दुष्काळ पडला तेव्हा, १८९६-९७ मध्ये, हीच बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आली. कुणाची परवानगी घेऊन?

त्याहून जुनी एक गोष्ट आहे, तिच्या ख्रिस्ती होण्याच्या आधीची. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. आईचं प्रेत न्यायला खांदेकरी मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण दया येऊन पुढे आले, त्यांच्यासोबत भाऊ आणि रमाबाई. रमाबाईंची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली आणि काही मैल चालल्या. मी हे आधीही वाचलेलं होतं. मावशीनंतर वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

गावातल्या कॅथलिक कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरशी माझी जुनी ओळख. तिला सगळं समजलं होतं. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला आणि कैद्याला भेट सांगितली, पण मृताला माती देणं त्या यादीत नाही, अशी माझी खंत मी तिच्याजवळ बोलून दाखवली. ती म्हणाली, “आमच्याकडे ते सातवं मानतात.” तिने मला त्यांच्या बायबलातलं तोबीतचं पुस्तक वाचायला दिलं. आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात ते नाही. निनवे शहरात राजाने मारून टाकलेल्या आपल्या लोकांची प्रेतं हा तोबीत चोरून पुरतो, त्यासाठी त्याची मालमत्ता जप्त होते, त्याला पळावं लागतं. परत आल्यावर सणाच्या दिवशी पानावरून उठून तो पुन्हा एक प्रेत पुरायला जातो, आणि शेजारी त्याला हसतात. इतकं आयुष्य बायबल वाचून हा माणूस मला पहिल्यांदा भेटत होता.

आता जे मनात आहे तेही लिहिते. शिकाऊ नर्सेसना मी नेहमी सांगायचे की प्रभूची आज्ञा पाळा, समाधान मिळेल. मावशीला माती दिल्यावर मला समाधान मिळालं नाही. झोप उडाली. व्हरांड्यातलं संभाषण रात्रभर डोक्यात फिरायचं, आणि प्रत्येक वेळी मी आधीपेक्षा चांगलं उत्तर द्यायचे. मुलगा पुण्याहून आला तो चिडूनच. “बाबांच्या शेजारची जागा तू कुणाला दिलीस? उद्या तुला कुठे ठेवायचं आम्ही?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दफनभूमी भरत आली आहे, त्या बाजूला जागा शिल्लक नाही. मुलीने महिनाभर फोन केला नाही. आज्ञा मी पाळली आणि किंमत माझ्या मुलांनीही मोजली, त्यांना न विचारता. आज्ञापालनाने घरात शांती येते असं जे सांगतात, त्यांनी ते कुठे पाहिलं मला माहीत नाही. तरी उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा फाटक उघडायला लावीन.

आणि हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्या सेक्रेटरींबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती मी त्या वेळी मनातून काढून टाकली होती, पण ती खरी आहे. त्या दफनभूमीवर प्लॉटिंगवाल्यांचा डोळा होता. एका बाजूने खांब रोवलेसुद्धा होते. सातबारा, मोजणी, तहसील, कोर्ट, यासाठी याच माणसाने वर्षानुवर्षं एसटीने हेलपाटे घातले, स्वतःच्या पदरचे पैसे घातले. भिंत बांधली ती त्याच वर्गणीतून, ज्या रकान्यांवरून त्यांचं बोट त्या दिवशी फिरत होतं. ते नसते तर माझ्याकडे द्यायला जागाच नसती. त्यांना वाटत असेल की लोकांनी वर्गणी बुडवली तर भिंत पडेल. हे मला कळतं. कळलं म्हणून राग गेला, असं मात्र झालं नाही. पेत्राने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, आणि प्रभूने जो आकडा सांगितला तो मोजायचा नसतो हेही मला ठाऊक आहे. रविवारी समोरासमोर आलो की मी त्यांना “जय ख्रिस्त” म्हणते. तेही म्हणतात. यापलीकडे अजून आमचं काही झालेलं नाही. मावशीला माती देण्यापेक्षा ही आज्ञा मला जड जाते आहे.

मिस्त्री दोन पावसाळे जगला. त्याला त्याच्या भाच्याने गावी नेऊन अग्नी दिला. याच जिल्ह्यात राहून गेलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले येशूचे भक्त एकत्र बसावेत अशी त्यांची इच्छा होती. शंभर वर्षांनंतर आमच्या भिंतीच्या आत त्या म्हाताऱ्याला जागा मिळाली असती का, हे विचारून पाहायचीही वेळ आली नाही.

ज्यांच्या मंडळीला स्वतःची दफनभूमी आहे त्यांना माझी विनंती आहे. आपल्या मंडळीची घटना मागून घ्या आणि दफनभूमीचे नियम वाचा. बहुतेकांनी ते कधी पाहिलेले नसतात, घरात माणूस गेल्यावरच कळतात, आणि तेव्हा भांडायची ताकद नसते. थकबाकी असेल तर ती वसूल करा, पण जिवंत माणसाकडून करा. माती झाल्यानंतर पावती फाडा. शिस्तीखाली घेतलेल्या माणसाकडे वर्षातून एकदा तरी कुणीतरी घरी जाऊन येईल अशी व्यवस्था करा. मावशीकडे १७ वर्षांत माझ्याखेरीज वहीतला कुणी गेला नव्हता. आमच्या वार्षिक सभेत थकबाकीवरून माती अडवू नये असा ठराव मांडला गेला. सेक्रेटरींच्या पुतण्याने त्याला अनुमोदन दिलं. ‘पुढील सभेत विचार’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला गेला आणि अजून तिथेच आहे. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका. सभेच्या आधी घरोघर जा, लोकांशी बोला, आणि ठराव त्याच दिवशी मताला टाकायला लावा.